जेजू बेटावर मासे खायला आणि फिरायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोरियात राहते, मूळची मालवणकडची. त्यामुळे जेजूला निघालेल्या मराठी मंडळींचे निरोप माझ्याकडे येतात, आणि दर दहांतल्या सात निरोपांत तेच प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्याला जे हवं ते वाचा. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतील तिथे क्रमांक दिला आहे.

१. जेजूला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं आहे. तुम्ही परदेशातून थेट जेजूच्या विमानतळावर उतरत असाल, उदाहरणार्थ सिंगापूर किंवा तैपेईहून, तर पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. पण ही सवलत फक्त बेटापुरती आहे. तिथून सोलला जाता येत नाही. इंचॉनला, म्हणजे सोलच्या मुख्य विमानतळावर, उतरून पुढे देशांतर्गत विमानाने जेजू गाठणार असाल, तर तुम्ही मुख्य भूमीवर पाऊल ठेवलंत, म्हणजे व्हिसा लागणारच.

व्हिसा नाही म्हणजे चौकशी नाही, असंही नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, कुठल्या दिवशी कुठे जाणार याचा कागद आणि खर्चाची सोय हे सगळं छापून हातात ठेवा. समाधान झालं नाही तर तिथूनच परत पाठवतात. माझा सल्ला विचाराल तर सोलसकट रीतसर व्हिसा काढा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी कोरियन दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

२. सोलहून जेजूला कसं जायचं?

गिम्पो विमानतळावरून विमानाने, साधारण एक तास दहा मिनिटांत. हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक आहे, दिवसभर विमानं सुटत असतात. घोटाळा एकाच ठिकाणी होतो: भारतातून येणारं विमान उतरतं इंचॉनला आणि जेजूचं सुटतं गिम्पोहून. मधे विमानतळाची रेल्वे आहे. दोन विमानांत निदान चार तास ठेवा.

३. किती दिवस पुरतात? आम्ही दोन दिवसांत 'करू' म्हणतोय.

'करू' नका. बेट पूर्व-पश्चिम सुमारे ७३ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर जेमतेम ३१, त्यामुळे नकाशावर छोटं दिसतं. पण मधोमध हाल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा ज्वालामुखी बसलेला आहे. जेजू शहरातून दक्षिणेच्या सॉग्विपोला जायला तासभर लागतो. तीन रात्री किमान, चार असतील तर उत्तम.

आणि आखणी करताना आधी स्थळं, मग 'जवळ काही खायला मिळेल का' असं करू नका. उलटं करा. तुम्ही जाताय त्या महिन्यात कुठला मासा कुठल्या बंदरात उतरतो ते बघा (प्रश्न ४) आणि त्या बंदराभोवती दिवस बांधा. स्थळं वाटेत येतातच.

४. कुठल्या महिन्यात जावं आणि तेव्हा काय खावं?

मार्चअखेर ते एप्रिल: मोहरीसारखी पिवळीधमक फुललेली शेतं. हे कनोलाचं पीक, मोहरीच्याच कुळातलं. हवा छान, गर्दी भरपूर.

मे ते जुलै: माझा आवडता काळ, पण जूनच्या उत्तरार्धात पावसाळा लागतो त्याच्या आधीचा. या दिवसांत 'जारीदोम' येतो, हाताच्या तळव्याएवढा, काळपट, काटेरी मासा. त्याची 'जारी मुल्ह्वे' करतात: काट्यांसकट पातळ कापलेला कच्चा मासा, काकडी, कांदा, आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, व्हिनेगर आणि बर्फाचं पाणी. मुख्य भूमीवर मुल्ह्वे लालभडक तिखट असते, जेजूची तपकिरी आणि सौम्य. पहिल्या घासाला काटे दाताखाली कुरकुरतात आणि माणूस दचकतो. तिसऱ्या घासाला कळतं की मजा त्या काट्यांतच आहे. सॉग्विपोजवळचं बोमोक हे गाव यासाठी प्रसिद्ध. मोसल्पो बंदरातला जारी मात्र काट्यांनी राठ, तो भाजून खावा असं तिथले लोक सांगतात. याच सुमारास सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री प्राणी) हेही भरलेले असतात. त्यांचा केशरी गर घातलेलं समुद्री शेवाळाचं सार एकदा तरी घ्या.

जून ते ऑगस्ट: 'हान्ची', म्हणजे आपल्या माकुलाचा नाजूक भाऊ. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलात तर क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, जणू पलीकडे शहर आहे. ते शहर नाही, माकूल धरणाऱ्या होड्या आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: टेकड्यांवर रुपेरी गवत, हवा कोरडी. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच काळ धरावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: 'बांगॉ'. नावावरून बांगडा समजू नका, हा यलोटेल, मोठा आणि तेलकट. मारादो बेटाजवळच्या जोरदार प्रवाहात हा सापडतो, गळाला आमिष म्हणून जिवंत जारीदोम लावतात, आणि मासा उतरतो मोसल्पो बंदरात. जितका मोठा तितका चविष्ट, म्हणून चार-सहाजण मिळून खावा. संत्र्यांचा हंगामही हाच. वारा मात्र हाडं गोठवतो.

५. आम्ही मासे खातो, पण कच्चे नाही. मग जेजूला जाऊन उपयोग काय?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न. उपयोग पुष्कळ आहे. मी स्वतः जेजूत शिजवलेलंच जास्त खाते.

'गाल्ची' म्हणजे वाकटी. आपल्याकडे ती बहुतेकांना सुकलेलीच माहीत असते आणि पाहुण्यांसमोर सहसा मांडली जात नाही. जेजूत तीच राणी आहे. जाळ्याने नाही, गळाने धरलेली, त्यामुळे अंगावरची चांदी शाबूत. 'गाल्ची जोरिम' म्हणजे मुळा-बटाट्यावर तिखट रश्शात शिजवलेली वाकटी. भातावर तो रस्सा ओतला की गाव आठवतं. 'गाल्ची कुई' म्हणजे मीठ लावून भाजलेली. काही हॉटेलांत अख्खी, मीटरभर लांब आणतात, आणि वाढणारी बाई दोन चमच्यांनी काठाचे काटे असे ओढून काढते की बघत राहावं. 'गाल्ची कुक' हे वाकटी, लाल भोपळा आणि कोवळ्या कोबीचं पांढरं सार. वाचून नाक मुरडाल, मीही मुरडलं होतं. वास येत नाही, कारण मासा त्या दिवशीचा असतो.

'ओक्दोम' अर्धवट सुकवून भाजतात: गुलाबी, गोडसर, काटे मोजके. मुलांना हाच द्या. 'जॉन्बोक जुक' ही आबालोन नावाच्या कानाच्या आकाराच्या शिंपल्याची पेज. आतला कोथळाही घालतात म्हणून रंग हिरवट येतो. तो रंग बघून परत पाठवू नका, पांढरीफटक पेज मिळाली तरच शंका घ्या. बांगडा भाजलेला सगळीकडे मिळतो, आपल्यापेक्षा जाड आणि चरबीचा.

६. कच्चा मासा पहिल्यांदाच खाणार आहे. सुरुवात कशाने करू?

पांढऱ्या मांसाच्या माशाने, 'ग्वांगॉ' म्हणजे फ्लाउंडर जातीच्या चपट्या माशाने. वास नाही, चव सौम्य. तुकडा लेट्यूस किंवा पेरीलाच्या पानात ठेवा, लसणाची चकती, तिखट-गोड चटणी, घडी करा आणि एका घासात तोंडात टाका. अर्धा तोडून परत ताटात ठेवला की सगळं सांडतं.

कच्चा बांगडा ही जेजूची खासियत. तो फार लवकर खराब होतो, म्हणून टाकीत जिवंत पोहणारा दिसत असेल तिथेच खा. वळवळणारे ऑक्टोपसचे तुकडे कुणी पुढे केले तर नीट चावून खा. शोषकं घशाला चिकटून माणसं गुदमरली आहेत, यात गंमत नाही. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना देऊच नका.

कच्चं खाऊन झाल्यावर त्याच माशाच्या डोक्या-काट्यांचं 'मेउनतांग' नावाचं तिखट सार येतं. आमच्या घरचे पुरुष पहिलं ताट फक्त त्याची वाट बघत काढतात.

७. मासळीबाजारात भाव कसा कळतो? फसवतात का?

जेजू शहरातला दोंगमुन बाजार आणि सॉग्विपोचा मेइल ओल्ले बाजार हे दोन मोठे. तिथे कापून, डब्यात भरून, किंमत लावून ठेवलेलं मिळतं. नवख्याने तेच घ्यावं. संध्याकाळी उशिरा भाव उतरतात.

टाकीतला जिवंत मासा घ्यायचा असेल तर तीन गोष्टी आधी विचारा: भाव किलोचा की नगाचा, कापून देण्याचे वेगळे किती, आणि वरच्या मजल्यावर बसून खायचं तर 'सांगचारिम'चे किती. सांगचारिम म्हणजे टेबल मांडण्याचे माणशी पैसे. पानं, लसूण, चटण्या त्यात येतात, मेउनतांगचे बहुधा वेगळे.

फळ्यावर आकड्याऐवजी 'सिगा' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'आजच्या बाजारभावाने'. एका बंदरावर, नाव नको, मी पहिल्या वर्षी मोठ्या रुबाबात मान डोलावली होती. बिल आलं तेव्हा चूक त्यांची नव्हती, माझी होती, मी विचारलंच नव्हतं. आता पहिलं वाक्य हेच: 'ता हापचॉ ऑल्मायेयो?' म्हणजे सगळं मिळून किती? उत्तर कॅल्क्युलेटरवर दाखवतात. महाग वाटलं तर हसून पुढे जा, कुणी रागावत नाही. आपल्या कोळणींसारखी घासाघीस मात्र इथे चालत नाही. फार तर एखादा शिंपला वर टाकून मिळतो.

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, किनाऱ्यावरच्या टोपलीवाल्या बायकांसाठी रोख ठेवा. टीप देत नाहीत.

८. त्या पाण्यात बुडी मारणाऱ्या आज्या खरंच असतात, की पर्यटकांसाठीचा खेळ आहे?

खऱ्या असतात. त्यांना 'हेन्यॉ' म्हणतात, समुद्राच्या बायका. ऑक्सिजनची नळकांडी न घेता, एका श्वासात दहा मीटरपर्यंत खाली जातात आणि आबालोन, शंख, सी अर्चिन काढून आणतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आज कामावर असलेल्या तीन हजारांहूनही कमी, आणि बहुतेकींची साठी उलटलेली.

सॉन्गसान इल्चुलबोंग या ज्वालामुखीच्या (प्रश्न १४) पायथ्याशी दुपारी त्यांचं प्रात्यक्षिक असतं, समुद्र शांत असेल तर. ते बघायला हरकत नाही. पण मला त्या कळल्या त्या एका सकाळी पूर्व किनाऱ्यावर. आधी काही दिसत नव्हतं, फक्त केशरी तरंगे. मग शिट्टी ऐकू आली, बारीक, लांब, पक्ष्यासारखी. एक थांबली की दुसरीकडून. वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना होणारा हा आवाज, त्याला 'सुम्बिसोरी' म्हणतात. तासाभराने त्यांतली एक जाळीचं ओझं पाठीवर घेऊन खडकावर चढली, काळ्या रबरी पोशाखात, वाकलेली. खाली बसली, शंख दगडावर ठेवला, लोखंडी आकड्याने गर उपसला, कडू भाग बोटाने तोडून फेकला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. पैसे विचारले तर आधी खा अशी खूण केली.

गावच्या मच्छीमार संस्था हेन्यॉंची साधी खानावळ चालवतात, पाटीवर 'हेन्यॉए जिप' म्हणजे हेन्यॉंचं घर असं असतं. तिथली आबालोनची पेज आणि शंखांची ताटली कुठल्याही चकचकीत हॉटेलपेक्षा सरस. फोटो काढायचा तर आधी विचारा. त्या कामावर असतात.

९. मी एकटीच जातेय. हॉटेलात परत पाठवतात असं वाचलं.

पाठवतात, आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. गाल्ची जोरिमसारखे पदार्थ निदान दोघांचे करतात. दारातच 'होन्जायेयो, ट्वेयो?' म्हणजे एकटी आहे, चालेल का, असं विचारा. एकट्याला हमखास मिळतं ते वाडग्यातलं: मुल्ह्वे, पेज, गाल्ची कुक, सी अर्चिनचं सार, 'बोमाल काल्गुक्सू' म्हणजे बारीक समुद्री गोगलगायींच्या हिरव्या रश्शातल्या शेवया. कच्च्या माशासाठी बाजारातला डबा घ्या (प्रश्न ७) आणि धक्क्यावर बसून खा.

१०. मासे चालतात, पण डुक्कर आणि गोमांस अजिबात नाही. काय सांभाळावं?

जेजू काळ्या डुकरासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे ते न दिसताही ताटात येतं. 'मोमगुक' हे समुद्री शेवाळाचं सूप म्हणून सांगतात, पण त्याचा पाया डुकराच्या हाडांचा. 'गोगी गुक्सू' म्हणजे डुकराच्या रश्शातल्या शेवया. शेवाळाच्या साध्या सारातही कधी गोमांस असतं, म्हणून सी अर्चिनचं मागा आणि तरी विचारा. 'ट्वेजीगोगी, सोगोगी आन मॉगॉयो', डुक्कर-गाय खात नाही, हे फोनवर कोरियनमध्ये लिहून दाखवलेलं बरं.

११. आमच्यातले दोघं शुद्ध शाकाहारी आहेत.

कठीण आहे, खोटं कशाला सांगू. किमचीत बहुधा माशाचा अर्क असतो आणि भाजीच्या रश्शाचा पाया सुक्या मासळीचा. मांसाशिवाय आणि अंड्याशिवाय बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, सांगता येतो. बाकी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ, तोफू, भाज्या, संत्री सगळं मिळतं. मेतकूट आणि लोणचं घरून न्या.

१२. गरोदर बायका, आजारी माणसं, शिंपल्यांची ॲलर्जी?

गरोदरपणी, आणि यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चं टाळा. उन्हाळ्यात तर नक्कीच, गरम झालेल्या समुद्रात व्हिब्रिओ जिवाणू वाढतो आणि अशा लोकांत तो जिवावर बेततो. शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर नुसतं 'शिंपले नकोत' पुरत नाही, कारण रस्सा त्यांचाच असतो. भाजलेला मासा आणि भात हे सुरक्षित, तरी त्याच तव्यावर शिंपले भाजतात का ते विचारा.

१३. गाडी भाड्याने घ्यावी की बस पुरते?

दोघांहून जास्त असाल तर गाडी. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, सोबत मूळ परवाना आणि पासपोर्ट. तिन्हींतलं एक विसरलात तर गाडी मिळत नाही. रस्त्याची उजवी बाजू, कॅमेरे जागोजागी. गूगल मॅप्स कोरियात गाडीचा रस्ता नीट दाखवत नाही, नावेर मॅप किंवा काकाओमॅप घ्या. गाडीतल्या यंत्रात हॉटेलचा फोन नंबर टाकला तरी ते बरोबर नेतं.

बसने जायचं तर २०१ पूर्व किनाऱ्याने आणि २०२ पश्चिम किनाऱ्याने जेजू शहर ते सॉग्विपो जाते. स्वस्त, पण थांबत थांबत. आणि दारू घेणार असाल तर बसच. घोटभर सोजूनंतरही चाक हातात घेऊ नका.

१४. कुठली स्थळं चुकवू नयेत आणि कुठली सोडली तरी चालतील?

सॉन्गसान इल्चुलबोंग चुकवू नका: समुद्रात उभा राहिलेला १८२ मीटरचा ज्वालामुखी, माथ्यावर वाटीसारखं मुख. चढायला अर्धा तास, पायऱ्या बांधलेल्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंद. हाल्लासान, सॉन्गसान इल्चुलबोंग आणि गॉमुनओरुमच्या लाव्हा गुहा यांना २००७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातली मान्जांगगुल ही गुहा दगड कोसळल्यामुळे अलीकडे दीर्घकाळ बंद होती, निघण्याआधी चौकशी करा. तिच्याऐवजी ह्योप्जे किनाऱ्यालगतच्या हाल्लिम पार्कमधल्या गुहा बघता येतात.

जॉंगबांग धबधबा, जवळजवळ थेट समुद्रात पडणारा, जरूर. जुंगमुनजवळचे षटकोनी दगडी खांबही. टेडी बेअर, चॉकलेट वगैरे म्युझियमं पावसाच्या दिवसासाठी ठेवा.

एक मात्र सांगते. ३ एप्रिल १९४८ला उठाव झाला आणि पुढच्या काही वर्षांत या बेटावर अंदाजे २५ ते ३० हजार माणसं मारली गेली, म्हणजे दहांतलं एक. सॉन्गसानजवळची पुळण आणि जॉंगबांगचा धबधबा, दोन्हीकडे लोकांना गोळ्या घातल्या होत्या. जेजू शहराबाहेर ४·३ शांती उद्यान आहे, अर्धा दिवस द्या. मासळीबाजारातली जी आजी गप्प बसून शंख सोलते, तिच्या लहानपणाबद्दल मग आपण उगाच विचारत नाही.

१५. उदो की मारादो?

उदो. सॉन्गसान बंदरातून फेरीने पंधरा मिनिटं, पासपोर्ट जवळ हवा. भाड्याची गाडी सॉन्गसानलाच ठेवा, बेटावर बस आणि सायकली आहेत. शेंगदाण्याचं आइस्क्रीम खा. लाल शेवाळाच्या गोळ्यांचा पांढरा किनारा आहे, तिथले खडे खिशात घालू नका, मनाई आहे. मारादो हे देशाचं दक्षिण टोक, तासाभरात चालून होतं. मोसल्पोला बांगॉ खायला जाणारच असाल (प्रश्न ४) तर तेही जोडून घ्या.

१६. हाल्लासानच्या माथ्यावर असंच जाता येतं का?

नाही. माथ्यावर जाणाऱ्या सॉंगपानाक आणि ग्वानुम्सा या दोन वाटांसाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि ठरलेल्या वेळेत वरचा टप्पा गाठला नाही तर परत फिरवतात. सॉंगपानाकची वाट एका बाजूने ९.६ किलोमीटर, अख्खा दिवस जातो. योंगशिलची वाट निम्म्या कष्टांत सुंदर, माथ्यापर्यंत जात नाही एवढंच.

१७. आई-बाबा सत्तरीचे आहेत. चढण नको.

सॉंगउप हे जुनं गाव दाखवा, लोक अजून राहतात तिथे. वाऱ्याने उडू नये म्हणून दोरखंडांनी जखडलेली गवती छपरं, लाव्हाच्या दगडांचे गडगे अगदी कोकणातल्यासारखे. दाराऐवजी दोन दगडी खांबांत तीन आडवे वासे असतात. तिन्ही खाली म्हणजे घरात माणूस आहे, एक वर म्हणजे आत्ता येतो, दोन म्हणजे वेळ लागेल, तिन्ही वर म्हणजे लांब गेलाय. माझे बाबा त्या वाशांपाशी अर्धा तास उभे होते. जमिनीवर बसायची हॉटेलं अजून बरीच आहेत, आरक्षण करताना खुर्च्या आहेत का ते विचारा.

१८. वाऱ्यामुळे विमान रद्द झालं तर?

होतं, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या वादळांत आणि जानेवारीच्या बर्फात. भारतात परतायचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या दिवशीच सोलला या. उदो-मारादोच्या फेऱ्या तर त्याआधीच थांबतात, म्हणून बेटं पहिल्या स्वच्छ दिवशी उरका.

१९. ओहोटीला खडकांवर शंख-कालवं दिसतात. आपण काढली तर चालतात?

नाही. गावालगतच्या समुद्रात मासेमारीचा हक्क त्या त्या गावच्या संस्थेकडे असतो, आणि आबालोन, शंख, समुद्री काकडी हे हेन्यॉंचं पीक आहे. दुसऱ्याच्या शेतातला भोपळा तोडल्यासारखंच ते, दंडही होतो. काही गावांत पर्यटकांसाठी पैसे भरून शिंपले वेचायची जागा राखलेली असते. फावडं आणि टोपली तेच देतात, कुठपर्यंत जायचं त्याची दोरी बांधलेली असते.